प्रोस्टेटमधला लिम्फोमा: निदान आणि उपचार कोणत्या क्रमाने करायचे

प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) गाठीत लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, निघणं फार विरळ. या ग्रंथीच्या सगळ्या कर्करोगांत त्याचा वाटा हजारात एकाहूनही कमी आहे. त्यामुळे बडोद्यात वर्षानुवर्षं प्रॅक्टिस करणाऱ्या यूरॉलॉजिस्टनेही असे पेशंट बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेले असतात. त्यातला सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार, म्हणजे डिफ्यूज लार्ज बी-सेल (मोठ्या बी-पेशींचा) लिम्फोमा, झपाट्याने वाढतो. पण पूर्ण बरा होण्याची शक्यताही त्यातच असते, आणि तो बरा होतो तो औषधाने, ऑपरेशनने नव्हे. नुकसान होतं ते क्रम चुकल्यामुळे: तुकडा काढायच्या आधी स्टेरॉइड दिलं जातं, अर्धवट रिपोर्टवर हार्मोनचं इंजेक्शन सुरू होतं, नाहीतर घाईत ग्रंथीच काढून टाकली जाते.

हा लेख घरच्यांसाठी आणि फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. डोसचे आकडे दिले आहेत ते केमोचा चार्ट वाचता यावा आणि नेमका प्रश्न विचारता यावा म्हणून. निर्णय हिमॅटोऑन्कॉलॉजिस्टचाच, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या तज्ज्ञाचाच.

संशय केव्हा घ्यायचा

रात्री चार-पाचदा उठावं लागणं, धार बारीक होणं, लघवी झाल्यावरही भरल्यासारखं वाटणं, ही सगळी वयानुसार वाढलेल्या प्रोस्टेटची लक्षणं. लिम्फोमाचीही तीच. फरक वेगात असतो. साधी वाढ वर्षं घेते; इथे दोन-तीन महिन्यांत, कधी काही आठवड्यांत, लघवी पूर्ण अडण्यापर्यंत मजल जाते. लघवीची वाट सैल करणारं टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम नेमाने घेऊनही काडीचा फरक पडत नाही. आपल्या घरांत वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या लघवीविषयी कोणी विचारत नाही आणि तेही 'वय झालं' म्हणून सोडून देतात. हा वेग त्यामुळेच नजरेतून निसटतो. कधीपासून त्रास आहे याची तारीख डॉक्टरांना सांगता आली, तर अर्धं काम होतं.

दुसरी खूण पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाच्या तपासणीची. ग्रंथी मोठी आणि टणक, पण पीएसए ४ च्या आत किंवा जेमतेम वर, असं जुळत नसलेलं चित्र दिसलं की थांबून विचार करायला हवा. पीएसए वाचताना मात्र दोन गोष्टी बघा. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा नुकतीच घातलेली नळी त्याला वर नेते, आणि प्रोस्टेट लहान करणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी सहा महिन्यांत त्याला जवळजवळ निम्म्यावर आणते. औषधांची यादी न बघता वाचलेला पीएसए फसवतो.

बोटाने तपासताना नेहमीच्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये दगडासारखी एखादी गाठ लागते. लिम्फोमात बहुधा अख्खी ग्रंथी फुगलेली, घट्ट रबरासारखी आणि फारशी न दुखणारी लागते. संध्याकाळचा ताप, गंजीफ्रॉक आणि चादर भिजेल इतका रात्रीचा घाम, सहा महिन्यांत वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त घट, ही लक्षणं असली तर संशय पक्का होतो. पण आजार प्रोस्टेटपुरताच असेल तर ती अनेकदा नसतात, म्हणून ती नाहीत यावरून निश्चिंत होऊ नका.

त्याच भेटीत मान, काखा, जांघा आणि दोन्ही अंडकोष हाताने तपासून घ्यावेत. अंडकोषांची तपासणी बहुतेक वेळा राहून जाते. तिथला लिम्फोमा मेंदूपर्यंत जाण्याची भीती असते आणि केमो तिथे नीट पोचत नाही, म्हणून जरा शंका आली तरी सोनोग्राफी करावी.

एमआरआयमध्ये ग्रंथीचे आतले-बाहेरचे दोन्ही भाग एकसारख्या करड्या छटेने भरलेले दिसतात आणि डिफ्यूजनच्या (ऊतकात पाणी किती मोकळं फिरतं ते दाखवणाऱ्या) चित्रांत फार ठळक अडथळा येतो. रिपोर्टवर बहुधा पाय-रॅड्स ५ लिहून येतं, म्हणजे कर्करोगाचा दाट संशय, पण कोणता कर्करोग हे त्यातून ठरत नाही. रेडिऑलॉजिस्टला फॉर्मवर 'पीएसए कमी, वाढ झपाट्याची' एवढं लिहून द्या. मग ते ओटीपोटातल्या लसीकाग्रंथी, मूत्राशयाची भिंत आणि मूत्रपिंडांची सूज मुद्दाम बघतील.

तुकडा काढताना

इथे सगळ्यांत महत्त्वाचा नियम: बायोप्सी होईपर्यंत प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, मिथाइलप्रेडनिसोलोन यांपैकी काहीही देऊ नये. ताप, दमा, कंबरदुखी अशा कारणांनी ही औषधं सहज लिहिली जातात. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने काही दिवसांत मरतात, गाठ लहान होते, पेशंटला बरं वाटतं आणि तुकड्यात निव्वळ मेलेलं ऊतक मिळतं. पुढे महिन्याभराने गाठ परत येते आणि तोवर वेळ गेलेला असतो. मूत्रपिंडावर किंवा मज्जारज्जूवर दाब येऊन खरंच तातडी असेल तेव्हाचा अपवाद सोडला, तर या नियमाला सूट नाही.

बायोप्सी गुदमार्गातून किंवा अंडकोष आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून होते. दुसऱ्या मार्गाने जंतुसंसर्ग कमी होतो. १८ गेजच्या सुईने साधारण १२ तुकडे घेतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी बंद करायच्या हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, स्वतःच्या मनाने नको. लिम्फोमाचा संशय आधीच असेल तर यूरॉलॉजिस्टला दोन तुकडे जास्त घ्यायला सांगा. ते फॉर्मेलिनमध्ये न घालता पॅथॉलॉजिस्टने सांगितलेल्या द्रवात, फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या पेशींची जात ओळखण्याच्या तपासणीसाठी), त्याच दिवशी पोचवायचे असतात.

बाकीचे तुकडे १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, तुकड्यांच्या निदान दसपट द्रवात. सहा तासांपेक्षा कमी भिजले तर पेशी नीट टिकत नाहीत, आणि शनिवारी काढलेला डबा सोमवारी-मंगळवारी उघडला तर पुढचे मार्कर (पेशीची जात सांगणाऱ्या प्रथिनांचे रंग) फिके पडू लागतात. सलाईन किंवा स्पिरिटमध्ये टाकलेला तुकडा वाया गेला असं समजा. चिमट्याने दाबू नये. लिम्फोमाच्या पेशी नाजूक असतात आणि दाबल्या की निळ्या रेघोट्यांसारख्या पसरतात, मग कोणालाच काही सांगता येत नाही.

कधी लघवी अडली म्हणून दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडलं जातं आणि त्या चकत्यांमध्ये अचानक लिम्फोमा निघतो. चकत्या खूप असतील तर प्रयोगशाळा त्यातल्या काहीच तपासते. शंका आली की उरलेल्या सगळ्या चकत्यांचे ब्लॉक (मेणात बसवलेले ठोकळे) बनवायला सांगा, कारण विद्युत चाकूने कडा जळालेल्या असतात आणि चांगला भाग शोधावा लागतो.

रिपोर्ट हातात आल्यावर

साध्या रंगावरचा पहिला रिपोर्ट 'स्मॉल राउंड सेल ट्यूमर' किंवा 'पुअर्ली डिफरन्शिएटेड कार्सिनोमा' असा येऊ शकतो. हे निदान नव्हे, अर्धं वाक्य आहे. इथेच थांबून हार्मोनचं इंजेक्शन देणं ही मोठी चूक. लिम्फोमावर त्याचा काही उपयोग होत नाही. उलट टोकाची चूक म्हणजे 'क्रॉनिक प्रोस्टेटायटिस' म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स देत राहणं, किंवा ग्रॅन्युलोमा (क्षयासारख्या आजारात दिसणारे पेशींचे पुंजके) दिसले नसताना क्षयाची औषधं 'करून बघणं'. प्रोस्टेटचा क्षय आपल्याकडे होतो, मूत्राशयाच्या कर्करोगासाठी बीसीजी घेतलेल्यांनाही ग्रॅन्युलोमा होतात. पण त्यासाठी क्षयाचे जंतू शोधणारी एएफबी आणि सीबीनॅटसारखी तपासणी आहे, अंदाज नको. सूज असली की बी आणि टी दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात. लिम्फोमात एकाच जातीच्या पेशींचा लोंढा ग्रंथींना जागेवर ठेवून त्यांच्या मधली जागा भरून काढतो.

म्हणून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे तुकड्यावर मार्कर लावून पेशीची जात ओळखणं, हवंच. तुकडे चिमूटभर असतात, त्यामुळे सगळे मार्कर एकदम लावून ब्लॉक संपवू नये. पहिल्या फेरीत सायटोकेराटिन, एनकेएक्स३.१ किंवा पीएसए, सिनॅप्टोफायसिन, एलसीए, सीडी२०, सीडी३ आणि के-आय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात ते सांगणारा). सायटोकेराटिन आणि एनकेएक्स३.१ निगेटिव्ह, एलसीए आणि सीडी२० पॉझिटिव्ह आले की बी-सेल लिम्फोमा ठरला. सिनॅप्टोफायसिन इथे स्मॉल सेल कार्सिनोमा वेगळा काढण्यासाठी आहे. दिसायला तो लिम्फोमासारखाच असतो, उपचार पूर्ण वेगळा.

दुसऱ्या फेरीत प्रकार ठरतो. मोठ्या पेशींच्या लिम्फोमात सीडी१०, बीसीएल६ आणि एमयूएम१ यांवरून उपगट, आणि बीसीएल२ व मिक (एमवायसी) किती टक्के पेशींत आहेत ते. फिश तपासणीत मिक आणि बीसीएल२ या दोन्ही जनुकांची मोडतोड निघाली तर तो 'डबल हिट' लिम्फोमा. त्याला नेहमीचा आर-चॉप (पाच औषधांची ठरलेली केमो, पुढे दिली आहे) अपुरा पडतो आणि बहुतेक केंद्रं जास्त तीव्र डोस-अॅडजस्टेड इपॉक-आर निवडतात. लहान पेशींचा आणि सीडी५ पॉझिटिव्ह असेल तर सायक्लिन डी१ आणि सीडी२३ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका: सायक्लिन डी१ पॉझिटिव्ह म्हणजे मँटल सेल, ते निगेटिव्ह आणि सीडी२३ पॉझिटिव्ह म्हणजे स्मॉल लिम्फोसायटिक. एकाला उपचार लागतो, दुसऱ्याकडे वर्षानुवर्षं नुसतं लक्ष ठेवता येतं.

दुसरं मत घ्यायचं तर पेशंटला हलवायच्या आधी ब्लॉक हलवा. गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट अहमदाबादला असारव्याच्या सिव्हिल आवारात आहे; नडियादचं मूळजीभाई पटेल यूरॉलॉजिकल हॉस्पिटल बडोद्याहून रेल्वेने त्याच वाटेवर; परळचं टाटा मेमोरिअल एका रात्रीच्या गाडीवर. सोबत मूळ रिपोर्ट, मेणाचे सगळे ब्लॉक आणि रंगवलेल्या स्लाइड न्याव्या. ब्लॉक मेणाचे असतात. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवले तर मऊ पडतात आणि आतला तुकडा सरकतो. छोट्या डब्यात कापूस घालून हातातल्या पिशवीत ठेवा. मूळ प्रयोगशाळेकडून ब्लॉक दिल्याची नोंद घ्या आणि काम झालं की परत आणा. दोन वर्षांनी पुन्हा लागू शकतात.

पहिल्या डोसआधी

आजार फक्त प्रोस्टेटमध्ये आहे की दुसरीकडून तिथे आला, हे पेट-सीटीवर ठरतं. दुसरीकडून आलेला जास्त आढळतो. जुनी व्याख्या अशी की त्रास प्रोस्टेटमुळेच सुरू झालेला असावा, गाठ मुख्यतः तिथेच असावी, आणि निदानानंतर महिनाभरात यकृत, प्लीहा, लसीकाग्रंथी किंवा रक्तात आजार सापडू नये. उपचाराच्या दृष्टीने या नावाला फार महत्त्व नाही. प्रकार आणि लुगानो स्टेज (आजार किती पसरला याची पायरी) महत्त्वाची.

पेटमध्ये अडचण अशी की तपासणीचं औषध लघवीतूनच बाहेर पडतं आणि भरलेलं मूत्राशय शेजारच्या प्रोस्टेटला झाकून टाकतं. सहा तास उपाशी, साखर २०० च्या आत, भरपूर पाणी, स्कॅनला चढण्याच्या क्षणी लघवी करून यायचं. नळी असेल तर पिशवी रिकामी करून घ्यायची. ओटीपोटाची चित्रं फ्युरोसेमाइड देऊन थोड्या वेळाने पुन्हा काढता येतात का, हे केंद्राला फोन करूनच विचारा. स्कॅन मांडीच्या मध्यापर्यंत असावा, म्हणजे अंडकोष सुटत नाहीत.

रक्तात सीबीसी, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, एलडीएच, युरिक अॅसिड, पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम, साखर, एचआयव्ही, हिपॅटायटिस सी. हिपॅटायटिस बी साठी सध्याचा संसर्ग दाखवणारं एचबीएसएजी एकटं पुरत नाही; पूर्वीचा दाखवणारं अँटी-एचबीसी टोटलही हवं. पूर्वी होऊन गेलेला हिपॅटायटिस बी रिटुक्सिमॅबमुळे (सीडी२० असलेल्या बी-पेशी मारणाऱ्या औषधामुळे) पुन्हा उसळतो आणि यकृत निकामी करू शकतो. पॉझिटिव्ह आल्यास एन्टेकॅव्हिर ०.५ मिलिग्रॅम उपाशीपोटी किंवा टेनोफोव्हिर, आणि तेही शेवटच्या रिटुक्सिमॅबनंतर निदान वर्षभर. केमो संपली की ही गोळीही संपली असं समजून बंद केली जाते. तसं करू नका.

टूडी इको आवश्यक. डॉक्सोरुबिसिन हृदयावर परिणाम करतं. पंपिंग ५० टक्क्यांच्या खाली असेल तर बेत बदलावा लागतो. पेटमध्ये हाडांचा मगज स्पष्ट दिसत असेल तर मोठ्या पेशींच्या प्रकारात मगजाची सुई नेहमीच लागते असं नाही. मंद प्रकारात नुसत्या शेकावर (रेडिएशनवर) भागवायचं ठरत असेल तर लागते.

लघवी अडलेली असेल तर

आधी १६ फ्रेंच मापाची लघवीची नळी, मग बाकीचं. क्रिएटिनिन वाढलेलं आणि दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली असतील, आणि नळीने ती उतरत नसतील, तर डीजे स्टेंट (मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची आतली नळी) किंवा पाठीतून नळी घालून वाट मोकळी करावी लागते. अडकलेली लघवी सुटल्यावर पहिले दोन दिवस ताशी किती लघवी होते ते लिहून ठेवा. ताशी २०० मिलिलिटरच्या वर सलग दोन तास गेली तर नर्सला सांगा, कारण पाण्याबरोबर सोडियम-पोटॅशियमही वाहून जातं.

ग्रंथी खरवडण्याची घाई करू नये. त्याने रक्तस्राव होतो, जखम भरेपर्यंत केमो लांबते, आणि मोठ्या पेशींच्या लिम्फोमात बहुतेकांची वाट पहिल्या एक-दोन सायकलींतच मोकळी होते. आमचं स्पष्ट मत आहे की निदान झालेलं असताना नळी ठेवून केमो सुरू करणं हा जास्त शहाणपणाचा मार्ग आहे. संपूर्ण प्रोस्टेट काढण्याने आयुष्य वाढत नाही.

नळी काढून बघायची वेळ मात्र नीट निवडा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला असतात. तेव्हा नळी काढली आणि लघवी पुन्हा अडली, तर कमी पेशींत परत नळी घालावी लागते आणि जंतू रक्तात जातात. अठराव्या-विसाव्या दिवशी, पेशी वर आल्यावर, पुढच्या डोसआधी काढावी. सकाळी काढावी, म्हणजे अडलीच तर दिवसा कळतं.

आर-चॉप: चार्ट कसा तपासायचा

डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतो: उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोत, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. १६५ सेंटिमीटर आणि ६० किलोच्या माणसाचं उत्तर १.६६ चौरस मीटर. दर चौरस मीटरला रिटुक्सिमॅब ३७५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ६२०, सायक्लोफॉस्फामाइड ७५०, म्हणजे सुमारे १२४५, डॉक्सोरुबिसिन ५०, म्हणजे ८३, विनक्रिस्टिन १.४, म्हणजे हिशोबाने २.३, पण २ मिलिग्रॅमच्या वर द्यायचं नाही. प्रेडनिसोलोन १०० मिलिग्रॅम पाच दिवस, सकाळी जेवणानंतर. अशी सायकल दर २१ दिवसांनी, बहुधा सहा. आजार एकाच जागी आणि लहान असेल तर तीन-चार सायकली आणि शेक, किंवा निवडक पेशंटमध्ये शेकाशिवाय. दरवेळी वजन नव्याने करा. नळी आणि आजारपणात पाच किलो सहज उतरतात आणि जुना डोस जास्त होतो.

ऐंशीच्या पुढे, किंवा त्याआधीही प्रकृती नाजूक असेल तर, मिनी-चॉप: रिटुक्सिमॅब तेवढंच, दर चौरस मीटरला सायक्लोफॉस्फामाइड ४०० आणि डॉक्सोरुबिसिन २५ मिलिग्रॅम, विनक्रिस्टिन एकूण १ मिलिग्रॅम. सुरुवातीला पाच-सात दिवस नुसतं प्रेडनिसोलोन दिलं तर वृद्ध माणूस पहिली सायकल जास्त चांगली सोसतो. बायोप्सी होऊन गेलेली असल्याने आता स्टेरॉइडला हरकत नाही. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर दिवसातून तीन-चारदा बघावी लागते.

पहिलं रिटुक्सिमॅब सावकाश: ताशी ५० मिलिग्रॅमने सुरू, दर अर्ध्या तासाला ५० ने वाढवत जास्तीत जास्त ४००. थंडी वाजली, खाज आली, घसा आवळला की ताबडतोब सांगायचं. त्या सकाळची बीपीची गोळी घ्यावी का ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. रिटुक्सिमॅब बीपी उतरवतं आणि टॅम्सुलोसिनही. अॅलर्जी होऊ नये म्हणून आधी देतात ते फेनिरामाइन मूत्राशय सुस्त करतं. नळी नसलेल्या पेशंटची लघवी त्याच रात्री अडू शकते, हे वॉर्डला माहीत असावं.

या आजारात विनक्रिस्टिनवर सगळ्यांत जास्त लक्ष हवं. ते आतड्यांच्या नसांना मंद करतं, पोट साफ होत नाही, भरलेलं गुदाशय पुढच्या ग्रंथीवर रेलतं आणि लघवी पुन्हा थांबते. गाठ वाढली असं वाटून घर घाबरतं, पण कारण मलावरोध असतो. बडोद्याच्या घरात इसबगोल हाताशी असतंच, पण मंदावलेल्या आतड्यात पाणी कमी पडलं की त्याचाच गोळा होतो. त्याऐवजी लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल पहिल्या दिवसापासून, त्रास व्हायची वाट न बघता. पांढऱ्या पेशी कमी असताना एनिमा, गुदद्वारातली गोळी किंवा बोटाची तपासणी नको. इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोलसारखी बुरशीची औषधं विनक्रिस्टिनचा विषारीपणा वाढवतात. त्वचेच्या डॉक्टरांनाही केमो चालू असल्याचं सांगा. आणि आजार मेंदूत जाऊ नये म्हणून पाठीच्या कण्यात मेथोट्रेक्सेट द्यायचं असेल त्या दिवशी विनक्रिस्टिन त्याच खोलीत नसावं. ते चुकून कण्यात गेलं तर जीव जातो. सिरिंजऐवजी ५० मिलिलिटरच्या छोट्या पिशवीतून देण्याची पद्धत याचसाठी आहे. त्याबद्दल विचारायला संकोच करू नका.

डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही लाल असेल किंवा गुठळ्या पडत असतील तर मात्र सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशय सोललं जात असण्याची शक्यता. भरपूर पाणी आणि रात्री मूत्राशय रिकामं करून झोपणं हा त्यावरचा साधा बचाव. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर पाण्याची मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्या. डॉक्सोरुबिसिन आणि विनक्रिस्टिन ही दोन औषधं शिरेबाहेर गेली तर कातडी जाळतात. सलाईनच्या जागी जराही चुरचुरलं की थांबवायला सांगा.

गाठ मोठी असेल तर पहिल्या आठवड्यात पेशी एकदम फुटून युरिक अॅसिड आणि पोटॅशियम वाढतं. त्यासाठी आधीपासून अॅलोप्युरिनॉल आणि सलाईन. जास्त धोका असेल तर युरिक अॅसिड फोडणारं रासब्युरिकेज, पण त्याआधी जी६पीडी (रक्तपेशींतलं एक एन्झाइम) तपासायलाच हवं. पेशी वाढवणारं पेगफिलग्रास्टिम ६ मिलिग्रॅम केमो संपल्यानंतर २४ तासांनी, त्याआधी नाही. रिटुक्सिमॅब, विनक्रिस्टिन आणि पेगफिलग्रास्टिम २ ते ८ अंशांत ठेवायची औषधं. बाहेरून आणत असाल तर बर्फाच्या पॅकसह पेटीत आणा, कुपी थेट बर्फाला लागू देऊ नका, बिलावर बॅच नंबर घ्या.

घरी थर्मामीटर हवाच. एकदा १०१, किंवा तासभर १००.४ फॅरनहाइट टिकला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. थेट इमर्जन्सीत, आणि तिथे 'केमो चालू आहे, लघवीची नळी आहे' हे पहिलं वाक्य. तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे.

मेंदूकडे जाण्याचा धोका सीएनएस-आयपीआय गुणांवर मोजतात: वय साठच्या वर, एलडीएच जास्त, हालचाल मर्यादित, स्टेज तीन-चार, लसीकाग्रंथींबाहेर एकाहून जास्त जागा, आणि मूत्रपिंड किंवा अॅड्रिनल ग्रंथीत आजार. प्रोस्टेट या यादीत नाही. चार किंवा जास्त गुण असतील तर शिरेतून जास्त डोसचं मेथोट्रेक्सेट द्यावं का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. द्यायचंच ठरलं तर मूत्रमार्ग पूर्ण मोकळा आणि क्रिएटिनिन ठीक असल्याशिवाय नको, कारण ते लघवीवाटेच बाहेर पडतं.

मंद प्रकार

मार्जिनल झोन लिम्फोमा प्रोस्टेटपुरताच असेल तर २४ ग्रेचा (ग्रे हे शेकाच्या डोसचं माप) शेक पुरतो, साधारण बारा बैठकांत. स्मॉल लिम्फोसायटिक प्रकार बहुधा दुसऱ्याच कारणाने काढलेल्या तुकड्यात योगायोगाने सापडतो, कधी शेजारी नेहमीचा प्रोस्टेट कॅन्सरही असतो. दोन्हींचा हिशोब वेगळा ठेवावा. कॅन्सरचा उपचार कॅन्सरसारखा, आणि हिमोग्लोबिन, प्लेटलेट, गाठी ठीक असतील तर लिम्फोमाकडे दर तीन-सहा महिन्यांनी नुसतं लक्ष. काही न करणं घरच्यांना जड जातं, पण इथे तोच उपचार आहे. बर्किट लिम्फोमा याच्या अगदी उलट: दिवस मोजून, दाखल करून उपचार.

शेक, शेवटचा पेट आणि पुढे

मोठ्या पेशींच्या प्रकारात शेक ३० ते ३६ ग्रे. दरवेळी मूत्राशय भरलेलं आणि गुदाशय रिकामं ठेवायचं, म्हणजे आतडी बाजूला राहतात. जळजळ आणि पातळ शौच होतात, दोन-चार आठवड्यांत शमतात.

शेवटचा पेट केमोनंतर सहा ते आठ आठवड्यांनी, शेक घेतला असेल तर तीन महिन्यांनी. त्याआधी केला तर सूजच आजारासारखी चमकते. डोव्हिल गुण (पेटवर आजार किती चमकतो त्याची एक ते पाच मोजणी) एक ते तीन म्हणजे समाधानकारक. चार-पाच आले तर पुन्हा तुकडा काढून खात्री केल्याशिवाय दुसरी केमो सुरू करू देऊ नका, आणि पॅथॉलॉजिस्टला आधीचं रिटुक्सिमॅब कळवा, कारण त्यानंतर सीडी२० नाहीसं होऊ शकतं आणि पॅक्स५ व सीडी७९ए हे बी-पेशींचे दुसरे मार्कर बघावे लागतात.

१९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२ पेशंटच्या मालिकेत पाच वर्षं जगलेले एक तृतीयांशच होते. ते आकडे रिटुक्सिमॅब यायच्या आधीचे आहेत. ते वाचून धीर सोडू नये. आजार परतलाच तर वयाने तरुण असलेल्यांना दुसरी केमो आणि स्वतःच्या मूलपेशींचं प्रत्यारोपण, आणि आता कार-टी पेशीही (पेशंटच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून परत दिलेल्या). आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला भारतात २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

खर्चासाठी: गुजरातमध्ये मा कार्डावर, म्हणजे पीएमजेएवाय-मा या सरकारी आरोग्य योजनेत, कुटुंबाला २०२३ पासून वर्षाला दहा लाखांचं संरक्षण आहे. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. या आजाराचे बरेच पेशंट त्यात बसतात. सयाजी हॉस्पिटल किंवा गोरजचं कैलास कॅन्सर हॉस्पिटल, जिथे जाल तिथे पहिल्याच दिवशी आयुष्मान काउंटरवर चौकशी करा. पूर्वमंजुरीला मार्करसहित बायोप्सीचा रिपोर्ट लागतो, आणि मंजुरीआधी रोख भरलेले पैसे परत मिळवणं कठीण जातं. फाइलमध्ये पहिल्या पानावर एकच कागद ठेवा: लिम्फोमाचा प्रकार, स्टेज, किती सायकली झाल्या, डॉक्सोरुबिसिनचा आजवरचा एकूण डोस, हिपॅटायटिस बी चा निकाल, नळी कधी बदलली. सहा आर-चॉपमध्ये डॉक्सोरुबिसिन दर चौरस मीटरला ३०० मिलिग्रॅम होतं, आयुष्यभराची मर्यादा दर चौरस मीटरला ४५० ते ५५० च्या आसपास. पुढे कोणी पुन्हा ते औषध सुचवलं, तर हा आकडा त्याच क्षणी समोर असायला हवा.